खजिनदाराचं टिपण

मी आजवर विमानात बसलेलो नाही.
हे इतिवृत्तात कुठेच नाही, म्हणून इथे लिहितो.
बावीस वर्षं विमानछंद मंडळाचा हिशेब ठेवतो,
पावतीपुस्तकं माझ्याकडे, शिक्का माझ्याकडे,
आकाश कुरुविलांकडे.

कुरुविला हँगरमध्ये रिवेट ठोकत म्हातारे झाले.
विमान गेलं की वर बघत नाहीत, कान देतात,
म्हणतात, "डावं इंजिन जरा कुरकुरतंय."
आम्ही माना डोलावतो.
खरं-खोटं करायला वर जाणार कोण?

जानेवारीचा दुसरा रविवार, खारघरचं मैदान.
खर्च : बाल्साचं लाकूड, डिंक, मांडव, भोंग्याचं भाडं,
परवानगीसाठी पोलीस ठाण्याच्या सात खेपा
(रिक्षाच्या पावत्या नाहीत, मीच सोसल्या).
जमा : डब्यात पाच हजार एकशे सोळा
आणि शर्टाचं एक बटण.

सकाळी ग्लायडर सोडला तेव्हा
पांडवकड्याकडून एक घार आली.
दोन घिरट्या त्याच्या मागे, एक त्याच्या वर,
मग कंटाळून निघून गेली,
नवा भाडेकरू बघून शेजारीण जाते तशी.

शर्यत साधी. दोन बांबू रोवलेले,
मधे शंभर पावलं, दहा फेऱ्या.
आठव्या फेरीत सातवीतल्या ओजसचं वळण चुकलं
आणि विमान थेट उसाच्या चरकाशी.
रसवाल्याने ते उचललं, पंखावरची चोथ्याची काडी काढली,
फडक्याने पुसून आणून दिलं.
"पोराला नापास नका करू," म्हणाला.
केलं नाही. नियम मात्र मोडला.

दुपारी मांडवामागे प्लास्टिकच्या टेबलावर
शिष्यवृत्तीच्या मुलाखती.
तृषाली घरत. बारावी, विज्ञान.
'गाव' या रकान्यात दोन नावं,
पहिलं खोडलेलं,
पण वाचता येईल इतपतच खोडलेलं.

धोंगडे बाईंनी दरवर्षीचा प्रश्न विचारला,
"पायलट का व्हावंसं वाटतं?"
"नाही वाटत. मला टॉवरमध्ये बसायचंय."

कुरुविलांनी मान वर केली.

"आमच्या घरावर नंबर टाकून गेले तेव्हा मी तिसरीत.
आजोबा ज्याला त्याला विचारायचे, ठरवलं कोणी?
कोणालाच माहीत नव्हतं. कागद वरून आलेला.
आता तिथे धावपट्टी आहे, आमच्या मिठागरावर.
मला वरून बोलायचंय.
थांबा, आता उतरा, वाट मोकळी आहे.
आणि चुकलं तर कोणाचं चुकलं
ते विचारायला यावं कोणी, माझ्यापर्यंत."

मांडवाचं कापड फडफडलं. खाडीवरचा वारा.
बाईंनी घटना उघडली. कलम चार :
शिष्यवृत्ती उड्डाणाचे शिक्षण घेणाऱ्यास.
"टॉवर हे उड्डाण नव्हे," त्या म्हणाल्या,
वाईट वाटून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

कुरुविलांनी चष्मा काढला.
"मी चाळीस वर्षं जमिनीवरच होतो, बाई.
मग ती सगळी विमानं उडवली कोणी?"

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.
खजिनदाराला मत असतं, हे मीही विसरलो होतो.
हात वर केला. इतका वर की बगलेत
उसवलेली शिवण दिसली असावी.

चेक मी लिहिला.
अक्षरी रुपये साठ हजार
आणि पुढे, बँकेच्या रिवाजाने, 'फक्त'.
बावीस वर्षांत त्या शब्दाशी पेन कधी अडलं नव्हतं.
एवढ्यात तिचं पहिलं सत्रही निघणार नाही.
तिने तो वाचला, नाव तपासलं,
'तृ'ला काना नाही ना, बघून घेतलं,
आणि विचारलं, "पावतीवर सही कुठे करू?"

संध्याकाळी बांबू उपटले. मैदानात दोन भोकं राहिली.
ओजस एकात पाय घालून खोली मोजत होता.
खाडीच्या बाजूला कसलातरी दिवा खाली येत होता.
कुरुविला थांबले, कान दिला.
"काय म्हणतंय?" मी विचारलं.
"काही नाही," म्हणाले. "नीट येतंय."